क्षमेचा अधिकार कोणाचा? : रक्तपिपासूंच्या कथा आणि आपली परंपरा



भयकथा आणि अद्भुतकथा यांचा विचार करताना आपण बहुधा भय कसे निर्माण होते, वातावरणनिर्मिती कशी साधते, भाषा कशी वापरली जाते, अशा प्रश्नांपाशी थांबतो. प्रस्तुत लेखात मी थोडा वेगळा प्रश्न मांडणार आहे. हा प्रश्न वाङ्मयीन आहे, तितकाच नैतिकही आहे. लेखातील भूमिका माझी आहे. ती तुम्ही स्वीकारलीच पाहिजे असे नाही. मात्र नाकारताना कारणे द्यावीत, एवढीच अपेक्षा.

१. प्रश्न कोठून आला

माझे गाव पिंपळगाव रेणुकाई. भोकरदन तालुक्यातील हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात, व्यापारी येतात, आणि मोबाइल हातात नाही असा तरुण शोधून सापडत नाही. एका संपर्कसत्रानंतर माझी एक विद्यार्थिनी मागे थांबली. वय चाळिशीच्या आसपास, घरी शेती, मुलगी दहावीत. ती म्हणाली, "सर, आमची पोरगी रात्र-रात्र त्या रक्त पिणाऱ्यांच्या गोष्टी बघती अन् वाचती. त्यातला पोरगा शंभर वर्षांचा, त्याच्या हातून माणसं मेलेली, अन् हिला तोच लई चांगला वाटतो. म्हणती, 'आई, तो आता सुधारलाय.' सर, असं कुणी सुधारलं म्हणलं की झालं का?"

मी त्या वेळी काहीतरी सावध उत्तर दिले. पण तिने विचारलेला प्रश्न साधा नव्हता. ज्याच्या हातून माणसे मेली, तो सुधारला असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? त्याला स्वतःला, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीला, वाचकाला, की जे मेले त्यांना? हा लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२. राक्षस ते नायक : एक प्रवास

युरोपीय साहित्यातील व्हॅम्पायर आरंभी तिरस्करणीय होता. जॉन पॉलिडोरी याची 'द व्हॅम्पायर' ही कथा १८१९ मध्ये प्रसिद्ध झाली, ब्रॅम स्टोकर याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ मध्ये. ड्रॅक्युला हा बाहेरून आलेला, घरात शिरणारा, रक्ताबरोबर सत्त्व शोषून घेणारा शत्रू आहे. त्याचा नाश करणे हेच कथेचे प्रयोजन. तरीही लक्षात घ्या, याच कादंबरीत मीना ही स्त्री, जी स्वतः त्याच्या दंशाची बळी आहे, ती त्याची शिकार करायला निघालेल्या पुरुषांना सांगते की या दुर्दैवी जिवाविषयी मनात दया असू द्या. क्षमेचे बीज येथे आहे, आणि ते पीडितेच्या मुखातून आलेले आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

विसाव्या शतकात दृष्टी बदलली. अॅन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६) या कादंबरीत रक्तपिपासू स्वतः बोलू लागला आणि स्वतःच्या कृत्यांनी व्यथित झालेला दिसू लागला. त्यानंतर किशोरांसाठी लिहिल्या गेलेल्या साहित्यात तो नायक झाला. एल. जे. स्मिथ यांची 'द व्हॅम्पायर डायरीज' ही मालिका १९९१ पासून, दूरचित्रवाणीवरील 'बफी' १९९७ ते २००३ या काळात, आणि स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' २००५ मध्ये आली.

'ट्वायलाइट'मधील कलन कुटुंब माणसांचे रक्त पीत नाही; प्राण्यांच्या रक्तावर निर्वाह करते. कुटुंबप्रमुख कार्लाइल हा डॉक्टर आहे. ज्याला रक्ताची तहान लागते तोच रक्ताळलेल्या जखमा शिवतो. ही कल्पना निःसंशय सुंदर आहे. नायक एडवर्ड मात्र काही वर्षे कार्लाइलला सोडून गेला होता आणि त्या काळात त्याने माणसे मारली होती. तो परतला तेव्हा कार्लाइलने त्याला घरात घेतले.

अशा कथा किशोरांना का भावतात? माझ्या मते त्याचे कारण क्षुल्लक नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात आपल्याच शरीराची, रागाची, वासनेची भीती वाटत असते. आपल्या आत काहीतरी हिंस्र आहे, असा संशय मुलांना सतावतो. ही कथा त्यांना सांगते की तुझी भूक म्हणजे तू नव्हेस. भुकेचे काय करायचे ते तू ठरवू शकतोस. हा उपदेश चांगलाच आहे. त्यामुळे अशा वाचनाला सरसकट नाके मुरडणाऱ्यांत मी नाही.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. एडवर्डने ज्यांना मारले ते गुन्हेगार होते, असे लेखिका सांगते. तो इतरांची मने वाचू शकत असल्याने निरपराधांना वगळून केवळ दुष्टांना गाठत असे. म्हणजे बळींना गुन्हेगार ठरवून वाचकाला त्यांच्याविषयी शोक करण्याच्या जबाबदारीतून मोकळे केले आहे. त्यांना नावे नाहीत, आई नाही, घर नाही. आणि नायकाला स्वीकारणारी बेला ही त्या मृतांपैकी कोणाचीही कोणी नाही. तिचे प्रेम हीच क्षमा मानली जाते. पण जो आपला अपराध नव्हे, तो आपण माफ कसा करणार? शेजाऱ्याचे कर्ज आपण 'माफ केले' म्हणावे, तसेच हे झाले.

३. वेताळ म्हणजे व्हॅम्पायर नव्हे

मराठीत या प्रकारचे किशोरसाहित्य जवळजवळ नाही. आपल्याकडे वेताळ आहे. पण वेताळाला व्हॅम्पायर म्हणणे ही भाषांतराची करामत आहे. रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये वेतालकथांचे इंग्रजी रूपांतर 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावाने प्रसिद्ध केले. इंग्रज वाचकाला ओळखीचे वाटावे म्हणून हा शब्द वापरला गेला असावा. वास्तविक वेताळपंचविशीतला वेताळ रक्त पीत नाही, तो प्रश्न विचारतो. प्रेतात राहतो, पण राजाची न्यायबुद्धी पारखतो आणि शेवटी कपटी योग्याच्या हातून राजाचा जीव वाचवतो. कोकणात आणि गोमंतकात तर तो ग्रामरक्षक देव म्हणून पुजला जातो. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवला की एक संपूर्ण विश्व कसे बदलते, याचे हे उत्तम उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

आधुनिक मराठी भयकथेत नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या 'लुचाई' या कादंबरीमागे स्टीफन किंग याच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) या व्हॅम्पायर-कादंबरीची प्रेरणा आहे. धारपांच्या कथाविश्वात अशुभ शक्तीचे निर्दालन करायचे असते. तिला समजून घेण्याचा, तिचा उद्धार करण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तेव्हा रक्तपिपासूच्या उद्धाराची कथा मराठी वाचकाला आयात वाटते. पण ती तशी आहे का? नाही. आपल्या परंपरेत ती फार जुनी आहे, आणि किशोरकथांपेक्षा कितीतरी कठोर आहे.

४. कल्माषपाद : ज्याने शंभर पुत्र खाल्ले

महाभारताच्या आदिपर्वात कल्माषपाद राजाची कथा येते. इक्ष्वाकू कुळातील हा राजा. अरुंद वाटेवर त्याची आणि वसिष्ठपुत्र शक्तीची समोरासमोर गाठ पडली. वाट कोणी द्यायची यावरून वाद झाला. राजाने शक्तीला चाबकाने मारले; शक्तीने त्याला नरभक्षक होशील असा शाप दिला. विश्वामित्राच्या प्रेरणेने एक राक्षस राजाच्या शरीरात शिरला. राजाने पहिला बळी घेतला तो शाप देणाऱ्या शक्तीचाच. पुढे त्याने वसिष्ठांचे सर्व, म्हणजे शंभर पुत्र खाल्ले.

वसिष्ठांनी सूड घेतला नाही. पण महाभारतकार त्यांना शांतचित्त संत म्हणूनही रंगवत नाहीत. ते पर्वतावरून उडी टाकतात, अग्नीत शिरतात, समुद्रात आणि नदीत देह टाकू पाहतात. मृत्यू त्यांना स्वीकारत नाही. अखेर शक्तीची विधवा अदृश्यंती हिच्या गर्भातून वेदघोष ऐकू येतो आणि वंश उरला आहे हे कळल्यावर ते जगायचे ठरवतात. त्याच वेळी अरण्यात राक्षसरूपातला कल्माषपाद समोर येतो. अदृश्यंती भयाने थरथरते. वसिष्ठ त्याला रोखतात, त्याच्यावर मंत्रजल शिंपडतात, आणि बारा वर्षांनंतर राजा राक्षसत्वातून मुक्त होतो.

या कथेतले तीन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला : मुक्त करणारा हा त्रयस्थ नाही. ज्याचे पुत्र खाल्ले गेले, तोच पिता मुक्त करतो. क्षमेचा अधिकार असणाऱ्याने ती वापरली आहे, आणि तीही दुःखाच्या तळाशी जाऊन आल्यावर. आत्मघाताच्या प्रयत्नांचे वर्णन गाळले तर ही क्षमा पोकळ ठरेल.

दुसरा : एकाची क्षमा सर्वांची होत नाही. शक्तीचा मुलगा पराशर मोठा झाल्यावर त्याला आईकडून पित्याच्या मृत्यूची हकिकत कळते. तो सगळ्या लोकांचा नाश करायला निघतो. आजोबा समजावतात तेव्हा तो तेवढ्यापुरता आवरतो, पण राक्षसांना जाळणारे सत्र मांडतोच. पुलस्त्य आणि इतर ऋषी येऊन निरपराध राक्षसांसाठी विनवणी करतात, तेव्हा ते थांबते. पराशराने त्या सत्राचा अग्नी हिमालयाच्या उत्तरेकडील अरण्यात टाकला आणि तो तेथे अजूनही जळताना दिसतो, असे कथा सांगते. सूड थांबला, आग विझली नाही. महाभारताचा हा प्रामाणिकपणा मला थक्क करतो.

तिसरा मुद्दा टीकेचा आहे. अदृश्यंतीला कोणी विचारले नाही. पती गमावलेली, मारेकरी समोर पाहून थरथरणारी ही स्त्री. तिला सांगितले गेले ते एवढेच की भिऊ नकोस. तिने क्षमा केली की नाही, हे व्यासांनी नोंदवलेले नाही. क्षमेच्या कथांत स्त्रियांचे मौन ही संमती मानण्याची सवय जुनी आहे.

हीच कथा महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'तून. सातव्या अध्यायात गोकर्णमाहात्म्याच्या निमित्ताने ती येते, पण तिचे रूप बदललेले आहे. तेथे राजाचे नाव मित्रसह. वसिष्ठांचा शाप त्याला ब्रह्मराक्षस करतो. राजा उलट शाप देण्यासाठी हातात पाणी घेतो, तेव्हा राणी मदयंती त्याला अडवते. ते पाणी तो स्वतःच्याच पायांवर टाकतो आणि कल्माषपाद होतो. बारा वर्षांनी देह पूर्ववत होतो; पण ब्रह्महत्या त्याच्या मागोमाग चालत राहते. शाप संपला तरी कृत्य संपत नाही, हे यापेक्षा नेमके कसे सांगावे? मात्र तेथे त्याची सुटका होते ती गोकर्णक्षेत्री. महाभारतात माणूस माणसाला सोडवतो, गुरुचरित्रात तीर्थ सोडवते. पापक्षालन आणि क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन पाठांच्या तुलनेतून स्पष्ट होते. तीर्थ पाप्याला शुद्ध करील. पण ज्याचे नुकसान झाले त्याच्याशी तुटलेला धागा ते जोडू शकत नाही.

५. रांजण, भिंत आणि भिक्षापात्र

आपल्या परिचयाची दुसरी उद्धारकथा वाल्याची. लोककथेत तो प्रत्येक हत्येमागे एक खडा टाकून रांजण भरतो. सात रांजण भरतात. नारद भेटतात, बायकामुले पापात वाटेकरी व्हायला नकार देतात, आणि वाल्याचा वाल्मीकी होतो. या कथेने शतकानुशतके अगणित माणसांना आशा दिली आहे. पण खड्यांना नावे नसतात. रांजणातला प्रत्येक खडा म्हणजे बाजाराहून घरी न पोचलेला एक माणूस, हे कथेत कोणी उच्चारत नाही. योगायोगाने 'व्हॅम्पायर डायरीज'च्या दूरचित्रवाणी मालिकेत स्टीफन या नायकाने आपल्या बळींची नावे शिकागोतील घराच्या भिंतीवर लिहून ठेवलेली दाखवली आहेत. लिहिण्यामागचा मूळ हेतू पश्चात्तापाचा नाही. वाल्याचे खडेही प्रथम पराक्रमाचीच मोजदाद होते. पण नावे लिहिलेली असली की एक दिवस ती वाचावी लागतात.

या सर्वांत मला सर्वाधिक पटते ती अंगुलिमालाची कथा. बोटांची माळ घालणारा हा मारेकरी बुद्धांच्या भेटीने भिक्षू होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथामुळेही ती महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पाली त्रिपिटकातील कथेत पुढचा भाग असा आहे की भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर दगड-काठ्यांचा मारा होतो. तो फुटलेले पात्र, फाटलेले चीवर आणि रक्ताळलेले डोके घेऊन परततो. बुद्ध त्याला सांगतात ते एवढेच, की सहन कर. त्याच कथेत तो प्रसूतीच्या वेणांनी तळमळणाऱ्या एका स्त्रीला साहाय्यही करतो. येथे उद्धार आहे, परिमार्जनाचा प्रयत्न आहे, पण गावाने क्षमा केलीच पाहिजे अशी सक्ती नाही. सुधारलेला माणूस लोकांच्या रागाचा अधिकार मान्य करतो, हे त्याच्या सुधारणेचे खरे लक्षण आहे.

'बफी' या मालिकेत एंजल नावाचा व्हॅम्पायर आहे. ज्या जमातीची मुलगी त्याने मारली, तिने त्याला शाप दिला. शाप असा की त्याला आत्मा परत मिळावा आणि केलेले सर्व आठवत राहावे. आपल्याकडे शापाने माणसाचा राक्षस होतो, तेथे शापाने राक्षसाचा माणूस झाला. विवेक परत येणे हीच शिक्षा, ही कल्पना प्रौढ वाचकानेही मनन करावी अशी आहे.

६. तीन शब्द, तीन क्षमा

आता भाषेकडे वळू. मराठीत या एका कृतीसाठी अनेक शब्दप्रयोग आहेत आणि प्रत्येकाची दृष्टी निराळी आहे.

'क्षमा' हा शब्द 'क्षम्' म्हणजे सहन करणे या धातूपासून आला. संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. येथे क्षमा म्हणजे भार सोसणे. भार नाहीसा होत नाही, तो पेलला जातो.

'माफी' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या मूळ धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे. कर्जमाफी, शिक्षामाफी यांत तोच अर्थ उमटतो. नोंद खोडली जाते, हिशेब मिटतो.

तिसरा प्रयोग अस्सल मराठी : 'अपराध पोटात घालणे'. आपली आजी, आई हाच प्रयोग वापरते. येथे अपराध पुसला जात नाही, नुसता सोसलाही जात नाही, तो आत घेतला जातो. आता रक्तपिपासूच्या कथेशेजारी हा वाक्प्रचार ठेवून पाहा. रक्तपिपासू दुसऱ्याचे रक्त पोटात घालतो, क्षमा करणारा दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो. एक दुसऱ्याला संपवून जगतो, दुसरा स्वतः कडू गिळून समोरच्याला जगू देतो. म्हणूनच क्षमा करणे हे पोटाला जड असते, आणि ती मागताना आपण काय मागत आहोत याचे भान असावे लागते.

आपण सावकाराविषयी, छळणाऱ्या सासरविषयी 'रक्त पितात' असे सहज म्हणतो. हे रूपक जिवंत आहे, कारण रक्त पिणारे पुस्तकाबाहेरही असतात. तेव्हा 'तो आता सुधारलाय' हे वाक्य केवळ कल्पित नायकाविषयी उच्चारले जात नाही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याविषयी, हुंड्यासाठी छळणाऱ्या घराविषयी गावातले चार लोक हेच वाक्य म्हणतात आणि मुलीला परत नांदायला पाठवतात. दहावीतली मुलगी कथेत काय शिकते याची तिच्या आईला काळजी वाटते, ती यामुळेच.

७. रेणुका आणि विस्मरण

आमच्या गावाच्या नावात रेणुका आहे. तिची कथा सर्वांना ठाऊक आहे. जमदग्नीच्या आज्ञेने परशुरामाने आईचा शिरच्छेद केला. प्रसन्न झालेल्या पित्याने वर माग म्हटल्यावर त्याने आई जिवंत व्हावी असे मागितले. पण महाभारतातल्या कथेत तो आणखी एक गोष्ट मागतो. आपला वध झाल्याचे आईला स्मरण राहू नये.

लहानपणी मला ही मागणी कोवळी वाटे. आज ती अस्वस्थ करते. आईला आठवलेच नाही, तर ती क्षमा कशाची करणार? आणि रागावणार तरी कशावर? परशुरामाला मातृहत्येचे पाप लागले नाही, आई परत मिळाली, आणि तिच्या डोळ्यांना डोळा भिडवण्याचा प्रसंगही टळला. 'व्हॅम्पायर डायरीज'मधले व्हॅम्पायर माणसांना मोहिनी घालून घडलेले विसरायला लावतात. दंश होतो आणि दंशाची आठवण पुसली जाते. युगे वेगळी, भाषा वेगळी, युक्ती एकच. बळीची स्मृती काढून घेणे म्हणजे त्याच्याकडून क्षमेचा अधिकारच काढून घेणे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. डॉक्टरेट मिळवून नव्यानेच महाविद्यालयात रुजू झालो होतो. वर्गात एक मुलगी उतारा वाचत होती. वाडीवरची मुलगी, 'पाणी'चा उच्चार 'पानी', 'कोण'चा 'कोन'. मी तिची नक्कल केली. वर्ग हसला. ध्वनिपरिवर्तनावर प्रबंध लिहिलेल्या माणसाने एका जिवंत बोलीची टर उडवली. ती मुलगी नंतर वर्गात आली नाही. शिक्षण सुटण्याची तिची इतरही कारणे असतील, परंतु त्यांतले एक मी होतो.

अनेक वर्षांनी ती मुक्त शिक्षणातून पदवीसाठी प्रवेश घेऊन संपर्कसत्राला आली. तिने मला ओळखले, आणि उशिरा का होईना, मीही तिला ओळखले. मी माफी मागितली, पण तिच्याबरोबर आणखी एक वाक्य बोलून गेलो : "झालं गेलं विसरून जा." ती शांतपणे म्हणाली, "इसरायचं कसं, सर? अन् इसरले असते, तर इथं आले असते का?" मग तिने पुस्तक उघडले आणि पहिल्या घटकातली एक शंका विचारली. बोलीभाषांचा घटक होता.

तिने मला क्षमा केली का, हे मला माहीत नाही. मी पुन्हा विचारले नाही. विसरायला सांगणे हा मी तिच्यावर केलेला दुसरा अन्याय होता, एवढे मात्र त्या दिवशी कळले. पहिल्यात मी तिची वाणी हिरावली, दुसऱ्यात तिची आठवण मागत होतो. त्यानंतर मी एकाही विद्यार्थ्याचा उच्चार हसण्यावारी नेलेला नाही. याला प्रायश्चित्त म्हणावे एवढे ते मोठे नाही. पण क्षमा मिळो न मिळो, हे करतच राहायचे असते.

८. समारोप

कोणी म्हणेल, किशोरांच्या करमणुकीवर एवढे ओझे कशाला? माझे उत्तर असे, की नीतीचे पहिले धडे आपण करमणुकीतच गिरवतो. वाल्याची गोष्ट आपण नीतिशास्त्राच्या तासाला ऐकलेली नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्षमा केवळ पीडितच करू शकत असेल, तर ज्याचा बळी मृत आहे त्याला कोणतीच आशा उरत नाही का? उरते. समाज त्याला संधी देऊ शकतो, प्रेम करणारी व्यक्ती सोबत देऊ शकते, आणि तो स्वतः परिमार्जन करू शकतो. या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. फक्त त्यांना क्षमा म्हणू नये. ज्ञानदेवांनी १२९० च्या सुमारास पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा सरावा असे मागितले. ती प्रार्थना सर्वांनी करावी. पण वाकडेपणा सरला की नाही, याची साक्ष ज्याला ओरखडे पडले त्याच्याकडूनच घ्यावी.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे : ताई, मुलीला त्या गोष्टी वाचू द्या. शक्य झाले तर तुम्हीही तिच्याशेजारी बसून वाचा. आणि नायक सुधारला असे ती म्हणाली की एकच विचारा : "त्यानं मारलेल्या माणसाच्या आईला हे सांगायला कोण गेलं होतं?" गोष्टीत त्याचे उत्तर नसेल, तर ती तुमच्या मुलीने लिहावी.

विचारासाठी प्रश्न

१. आदिपर्वातील आणि गुरुचरित्रातील कल्माषपादकथेची तुलना करा. 'क्षमा' आणि 'पापक्षालन' यांतील भेद तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. 'अपराध पोटात घालणे' यासारखे क्षमेशी संबंधित आणखी वाक्प्रचार तुमच्या बोलीतून गोळा करा आणि त्यांच्यामागील रूपके उलगडून दाखवा.

३. अदृश्यंतीच्या भूमिकेतून कल्माषपादाच्या मुक्तीचा प्रसंग सुमारे ३०० शब्दांत लिहा.

४. क्षमेचा अधिकार केवळ पीडित व्यक्तीचा असतो, या लेखातील मताशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.